गोधडीचा घास

गोधडीला भूक लागते, हे लग्न होईपर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझे वडील सौसरला मास्तर. त्यांनी मला पाढे शिकवले, व्याकरण शिकवलं, पावकी-निमकीसुद्धा घोकून घेतली. पण ‘बेटा, उद्या तू पांढुर्ण्याला नांदायला जाशील, तिथे गोधडीला जेवू घालावं लागतं’ एवढं एक वाक्य काही त्या माणसाच्या तोंडून निघालं नाही! आणि मग जे झालं त्याचं खापर फुटलं ते माझ्या डोक्यावर. अजूनही फुटतं. गोष्ट ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची, मधे माझे केस पांढरे झाले, पण आमच्या गल्लीत कोणाच्या घरी गोधडी शिवायला निघाली की बायका अजून एकमेकींकडे बघून हसतात आणि मग माझ्याकडे बघून गप्प होतात. हे बरं आहे बाप्पा! तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

तर आधी आत्याबाईंबद्दल. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सौसर आणि पांढुर्णा काही लांब नाही; तीच कपाशी, तीच संत्री, तीच बोली. पण आत्याबाईंच्या लेखी सौसर म्हणजे परदेश, आणि तोही कंजूष परदेश! ‘सौसरवाल्यांचा हात आखडता’ हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं. भाजीत मीठ कमी पडलं, सौसरचा हात! चहा पांचट झाला, सौसरचा हात! एका वर्षी पाऊस कमी पडला तेव्हासुद्धा त्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

याचं मूळ कशात? तर आमच्या लग्नाच्या पंगतीत. मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या पानात बुंदी दुसऱ्यांदा आली नाही. आता वाढत कोण होतं? माझा मावसभाऊ. आणि तो कुठला? तिगावचा! म्हणजे पांढुर्ण्याच्या अगदी शेजारचा! सौसरचा त्याला वारासुद्धा लागलेला नव्हता. हे मी कितीदा सांगितलं असेल. पण सुनेचं ऐकतो कोण?

लग्नाला वर्ष झालं न झालं, तोच माझी नणंद सुधाताई पहिल्या बाळंतपणासाठी लोधीखेड्याहून माहेरी आली. घरात एकदम गडबड सुरू झाली. डिंकाचे लाडू, शेवगा, शेकशेगडी सगळं निघालं, पण आत्याबाईंचा जीव अडकला होता गोधडीत. कारण बारशाला येणार होत्या सुधाताईच्या सासूबाई. लोधीखेड्याच्या या विहीणबाई गोकुळात गेल्या असत्या तरी दुधाला वास येतो म्हणाल्या असत्या, अशी त्यांची ख्याती. त्यांच्यासमोर आमच्या घराची गोधडी पाळण्यात अंथरली जाणार होती. आत्याबाईंचं नाक त्या गोधडीला टांगलेलं होतं.

आमच्या गल्लीची रीत अशी की पहिल्या नातवंडाची गोधडी एकट्या बाईनं शिवायची नाही. जिनं तिनं आपापला चौकोन शिवायचा आणि मग सगळे जोडायचे. कापडही नवं नको. घरातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. मामाजींचं धोतर आलं, आत्याबाईंचं लुगडं आलं, सुधाताईचा शाळेचा निळा स्कर्ट आला. शेजारच्या सिंधूकाकूंनी आपल्या सासऱ्यांचा फेटा आणला. मधला चौकोन आला माझ्या वाट्याला, कारण तो घरच्या लहान सुनेचा मान. (मी एकुलती एक सून. मोठीही मीच, लहानही मीच.)

मी तर हरखूनच गेले. शाळेत कशिद्यात माझा हात कोणी धरत नव्हतं. मी लगेच म्हटलं, “आत्याबाई, मी मधात हिरवा पोपट काढते.”

“पोपट कायले?” आत्याबाई म्हणाल्या. “लेकरू झोपन का पोपटासंगं बोलत बसन?”

“मग मोर काढू?”

“मंदे, गोधडीले चित्र नाई लागत, टाका लागते. टाका कसा पायजे? मुंगीवानी पायजे. बारीक, आन् एकामांग एक, रांगेनं चालला पायजे. हे पाय!” आणि त्यांनी माझ्या हातातलं धोतर ओढून एक ओळ घालून दाखवली. ओळ खरंच सुरेख होती, खोटं कशाला बोलू? मग मी घातली.

“या मुंग्या कुठं चालल्या वं?” आत्याबाईंनी विचारलं. “एक छिंदवाड्याले, एक नागपूरले?”

सिंधूकाकू इतक्या हसल्या की त्यांच्या तोंडातला धागा गळून पडला. माझा चौकोन उसवला. मी परत घातला, त्यांनी परत उसवला. महिनाभर घरात हाच उद्योग! त्या धोतराला मामाजींनी उभ्या जन्मात पाडली नसतील इतकी भोकं मी पाडली. शेवटी एका दुपारी मी सुई खाली ठेवून सरळ म्हटलं, “आत्याबाई, तुम्हाले माझा टाका नाई खटकत. सौसर खटकते!”

सिंधूकाकूंनी दोरा चावायचा सोडून कान टवकारले.

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, “बरं. सिंधू, तू ऐकून ठेव. विहीनबाईनं हिच्या चौकोनाले चांगलं म्हटलं न, तं सौसरचा हात आखडता असं माह्या तोंडातून जन्मात निघनार नाई.”

“आन् नाई म्हटलं तं?” सिंधूकाकूंनी विचारलं. (या बाईला भांडणाचं दुसरं टोक आधी हवं असतं.)

“नाई म्हटलं तं मी बारशाच्या पंगतीत सांगीन, का हा चौकोन सौसरचा आहे, आमचा नाई.”

आता सांगा! भर पंगतीत, लोधीखेड्याच्या पाहुण्यांसमोर, माझ्या माहेराचा उद्धार! त्या दिवसापासून मी तो चौकोन असा शिवला की माझी बोटं चाळणीसारखी झाली. पांढऱ्या दोऱ्याची बारीक बारीक ओळ, एकात एक घातलेले चौक. शेवटी आत्याबाईंनी बोट फिरवून पाहिलं आणि नुसतं “हं” म्हटलं. त्यांच्या तोंडून ‘हं’ म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून हारतुरे.

पोळ्याच्या तीन-चार दिवस आधी सुधाताईला मुलगी झाली. गोधडी तयार होती, फक्त माझ्या चौकोनाची एक बाजू उघडी होती. ते गोधडीचं तोंड. बाळ सुखरूप घरी आल्यावरच ते बंद करायचं, आधी नाही. पोळ्याची अमावस्या गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बायका ओसरीवर बसलो. पुरुषमाणसं सगळी जाम नदीच्या काठावर गोटमार बघायला, म्हणजे पांढुर्णा आणि सावरगाव यांची दरसालची दगडफेक. सिंधूकाकूंचं माहेर नदीपलीकडचं सावरगाव, त्यामुळे त्या दिवशी त्या काकांशी बोलत नसत आणि सगळा राग सुईवर काढत. 

“मंदे,” आत्याबाई म्हणाल्या, “आता घास दे.”

“कोनाले?”

“गोधडीले.”

मला वाटलं, उकाड्यानं यांचं डोकं फिरलं. पण सिंधूकाकूही मान हलवत होत्या.

“तिच्या पोटात अन्न पायजे,” आत्याबाईंनी समजावलं. “उपाशी गोधडी लेकराले झोपू देत नाई. घरच्या सुनेनं तिच्या तोंडात घास घालाचा आन् तोंड शिवून टाकाचं. काय घातलं थे कोनाले सांगाचं नाई, आन् दुसऱ्यानं पाहाचं नाई. जा, आतून घेऊन ये.”

मी स्वयंपाकघरात गेले. आणि हे नीट ऐका, कारण पुढे कोणी ऐकलं नाही. मी आधी साध्या पोळीचा तुकडाच उचलला होता! नखाएवढा! कोरडा! माझी अक्कल पहिल्या झटक्यात बरोबरच चालली होती. तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला.

“आन् मोजूनमापून नको देऊ बाई, सौसरसारखी!”

झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर दुरडीत कालच्या पुरणपोळ्या होत्या. काल दारात आलेल्या परक्याच्या बैलाला अख्खी पोळी, वरून तूप, आणि घरच्या पहिल्या नातीच्या गोधडीला कोरडा तुकडा? थांबा म्हटलं, दाखवतेच सौसरचा हात! मी अर्धी पुरणपोळी घेतली. तिच्यावर तूप सोडलं. अर्ध्या पोळीतलं पुरण जरा कमी वाटलं, म्हणून पातेल्यातलं आणखी थोडं घेऊन वर थापलं. (पसरट थापलं. मी काही अगदीच मूर्ख नव्हते.) पदराखाली धरून बाहेर आले. सगळ्याजणी रीतीप्रमाणे पाठ करून बसल्या. मी गोधडीच्या तोंडात पोळी सारली आणि असं तोंड शिवलं की वाऱ्यालाही जागा ठेवली नाही.

मागाहून सिंधूकाकूंनी गोधडी थोपटली. “अवं, मधात लयच मऊ झाली!”

“चिंध्या जास्ती गेल्या असतीन,” आत्याबाई म्हणाल्या.

मी नुसती हसले. घास दिला तो दिला, तो आता गोधडीचा. माझ्या डोक्यातून तो विषय जो गेला तो गेलाच. गोधडी घडी करून बाळंतिणीच्या खोलीतल्या फळीवर ठेवली, बारशाच्या दिवशी काढायची म्हणून.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खोलीत मुंग्या दिसल्या. काळ्या. सिंधूकाकू म्हणाल्या, “काया मुंग्या म्हनजे लक्ष्मी. राहू द्या.” राहू दिल्या. लक्ष्मीनं आपलं सगळं गणगोत बोलावून घेतलं. भिंतीवरून रांग, दाराच्या चौकटीवरून रांग. आणि मग आल्या लाल. एक लाल मुंगी बाळाच्या दुपट्यावर सापडली आणि सुधाताईनं अशी किंकाळी फोडली की पुढच्या दुकानात मामाजींच्या हातून तराजू पडला.

आता घरात लेकराला मुंगी चावेल आणि मी हातावर हात ठेवून बसेन? मी पदर खोचला. मुंग्यांचा तपास मी स्वतःच्या हातात घेतला! हे मी ठळकपणे सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सुचलंच नव्हतं.

पहिला संशय सुधाताईवर. तिच्या उशाशी डिंकाच्या लाडवांचा डबा. “सुधाताई, तुम्ही लाडू पलंगावर बसून खाता न?”

“मग काय वहिनी, छतावर बसून खाऊ?” तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “आई, ही माह्या लाडवावर नजर ठेवून राहिली!”

मी डबा उचलून स्वयंपाकघरात नेला. पलंगाच्या पायांखाली पाण्यानं भरलेल्या वाट्या ठेवल्या. पलंगावर एकही मुंगी चढेना. पण भिंतीवरच्या मुंग्या काही हटेनात! मग दुसरा संशय माझ्या नवऱ्यावर. हे ऑफिसातून आले की भाचीला बघायला म्हणून त्या खोलीत जात आणि बाहेर येताना तोंड पुसत.

“तुम्ही बहिणीचे लाडू खाऊन राहिले का?”

“मी? बाळंतिणीचे लाडू? काहीही काय बोलते!”

मी यांच्या बुशकोटाचा खिसा उलटा केला. डिंकाचा चुरा पडला! हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. खिसा साफ धुतला, तरी मुंग्या आपल्या हजर.

मग मोठ्या हिमतीनं मी मामाजींकडे वळले. मामाजींचं किराणा दुकान घराच्या पुढच्या भागात, आणि त्यात गुळाच्या ढेपा. मी दाराआडून म्हटलं, “मामाजी, ढेपा जरा दुसरीकडे हलवल्या तर?” सासऱ्यांशी असं बोलायची माझी ती पहिलीच वेळ. बिचारे नातीसाठी लगेच उठले. सगळ्या ढेपा मागच्या पडवीत गेल्या. त्या रात्री पाऊस आला आणि पडवी गळली. सकाळी मामाजी पाकात उभे राहून पंख्यानं माशा वारत होते. मुंग्या मात्र पडवीकडे ढुंकूनही न बघता बाळंतिणीच्या खोलीत!

“हे काही सरळ नाही,” मी आत्याबाईंना म्हटलं. “या घरात कोणीतरी गोड लपवून ठेवलं आहे. आणि ज्यानं ठेवलं त्याला लाज वाटली पाहिजे!”

“हाव न वं,” आत्याबाई म्हणाल्या. आता आठवलं की वाटतं, त्या तेव्हा जरा घाईनंच “हाव” म्हणाल्या. 

अशात बारसं उजाडलं. लोधीखेड्याची मंडळी सकाळच्या बसनं आली. विहीणबाई ठेंगण्या, ठसठशीत, आणि चष्मा डोळ्यांवर न ठेवता डोक्यावर ठेवणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी पाळण्याची दोरी ओढून पाहिली, दाराचं तोरण तपासलं आणि मग म्हणाल्या, “आना पाहू तुमची गोधडी.”

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सुधाताईच्या खोलीतून गोधडी आणली. घाईत झटकायचं राहिलं. विहीणबाईंनी ती मांडीवर पसरली, सगळ्या बायका भोवती जमल्या आणि त्यांचं बोट हळूहळू कोपऱ्यांवरून फिरत फिरत मधल्या चौकोनावर आलं. वडिलांचा चेहरा, आमचं सौसरचं घर, ती बुंदीची पंगत, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं.

विहीणबाई वाकल्या. “माय वं! हा चौकोन कोनाचा?”

“काहून?” आत्याबाईंनी जपून विचारलं.

“काय बारीक टाके आहेत! काया दोऱ्यानं! असे टाके तं मी आमच्या लोधीखेड्यात नाई पाहिले. एकामांग एक, कशे रांगेनं! कोनाचा हात आहे हा?”

“माझा!” मी म्हटलं. “सौसरचा!”

आता माझा दोरा पांढरा होता. हे त्या क्षणी मला आठवलं नाही असं नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा पांढुर्ण्यात सौसरचं कौतुक होत होतं, तेव्हा मी दोऱ्याच्या रंगावरून वाद घालत बसू? सांगा! मी मान खाली घालून उभी राहिले, नम्रपणे. आत्याबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

“जसे काही चालूनच राहिले,” विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या.

सिंधूकाकू पुढे वाकल्या आणि त्यांनी डोळे बारीक केले. “जसे काही कायले बाई? चालूनच राहिले!”

तेवढ्यात एक टाका विहीणबाईंच्या बोटावर चढला. दुसरा मनगटावर. तिसरा लाल होता.

पुढचं काय सांगू! विहीणबाई उभ्या राहून लुगडं झटकायला लागल्या, गोधडी पाळण्यावर जाऊन पडली (पाळणा रिकामा होता, बाळ मामाजींच्या मांडीवर, देवाची कृपा), बायका मागे सरल्या, सुधाताई ओरडली, “आता सांगा, माह्या लाडवाले नावं ठेवत होती!” आणि हे, ज्यांनी चार दिवस तोंड उघडलं नव्हतं, ते दारातून म्हणाले, “माझा खिसा उलटा करत होती!”

“कात्री आना!” विहीणबाई गरजल्या.

“विहीनबाई, बारशाच्या दिवशी गोधडी कापाची?” आत्याबाईंचा चेहरा उतरला.

“मंग काय, लेकराले मुंग्यायच्या वारुळात निजवाचं?”

कात्री आली. माझी ती घट्ट, वाऱ्याला जागा न ठेवणारी शिवण विहीणबाईंनी कचाकच कापली आणि आतून अर्धी पुरणपोळी बाहेर काढली. ती कडक झाली होती. तिच्यावर मुंग्या इतक्या होत्या की पोळी विहीणबाईंच्या हातात जागच्या जागी सरकल्यासारखी वाटत होती.

“हा घास?” विहीणबाईंनी विचारलं.

“मंदे!” आत्याबाई. “घास म्हनजे नखाएवढा तुकडा असते वं! कोरडा!”

आता मात्र माझा तोल गेला. “तुम्हीच म्हटलं, मोजूनमापून देऊ नको! सौसरसारखी देऊ नको! म्हटलं का नाई? सिंधूकाकू, तुम्ही ऐकलं का नाई?”

सिंधूकाकू छताकडे बघायला लागल्या.

रागानं माझे कान तापले होते. मी खाली बघत होते, रडू आवरत. आणि तेव्हा मला दिसलं. पाळण्यावर पडलेल्या गोधडीवर मुंग्यांची रांग एक नव्हती, दोन होत्या! एक मधल्या चौकोनाकडे, मान्य. पण दुसरी त्या चौकोनाकडे बघतसुद्धा नव्हती. ती सरळ जात होती वरच्या उजव्या कोपऱ्याकडे. लुगड्याचा तो कोपरा कोणी शिवला होता? 

“विहीणबाई,” मी म्हटलं, “तो कोपरा पण कापा.”

“कायले?” आत्याबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की बाळ दचकलं. “कोपऱ्यात काय राहाते? काई नाई कोपऱ्यात! कापू नका, लुगडं चांगलं आहे!”

विहीणबाईंनी आत्याबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला आणि कोपरा कापला. आतून गुळाचा खडा निघाला. चांगला लिंबाएवढा होता, मुंग्यांनी निम्मा खाऊनही सुपारीएवढा उरला होता.

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. “मले वाटलं, ही सौसरची पोरगी नखाएवढाही नाई टाकनार... लेकरू उपाशी नको झोपाले...”

हे ऐकताच सिंधूकाकूंनी आपल्या फेट्याच्या कोपऱ्यावरून हळूच हात फिरवला, कोपरा चाचपला आणि ताडकन उठल्या. “मी येते हं, घरी दूध ठेवून आली गॅसवर.” (त्यांच्याकडे गॅस नव्हता.)

कोणाला हसावं, कोणाला रागवावं, कोणाला कळेना. सगळ्यांची नजर विहीणबाईंवर. आता ही बाई सुनेला आणि नातीला घेऊन दुपारच्या बसनं लोधीखेड्याला परत जाते, असं मला वाटलं. त्यांनी हातातली पोळी खाली ठेवली. हात झटकले. मग म्हणाल्या, “आमच्या लोधीखेड्यात लेकरं जेवतात. गोधड्या नाई जेवत.”

आत्याबाईंनी पदर आणखी वर ओढला.

“पन एक सांगा,” विहीणबाई म्हणाल्या, “गोधडीले एवढं देता, तं विहिनीले काय देता? ताजी आहे का पुरनाची पोयी?”

आणि त्या जे हसायला लागल्या ते त्यांचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. मग सगळं घर हसलं. गोधडी उन्हात टाकली, धुतली, बाळाला मामाजींच्या दुसऱ्या धोतरावर निजवून नाव ठेवलं गेलं, आणि ठरलेला श्रीखंडाचा बेत बाजूला ठेवून स्वयंपाकघरात डाळ शिजायला पडली.

मी पोळ्या लाटत होते, आत्याबाई भाजत होत्या. तव्यावरची पोळी उलटून त्या म्हणाल्या, “मंदे, विहीनबाईनं तुह्या चौकोनाले चांगलं म्हटलं.”

“मुंग्यांना म्हटलं.” मी फणकाऱ्यानं म्हणाले.

“म्हटलं तं म्हटलं. मी शब्द दिला होता. हाव, सौसरचा हात आखडता नाई. पुन्हा नाई म्हननार.”

माझे डोळे भरून आले. इतके दिवस या एका वाक्यासाठी मी बोटं टोचून घेतली होती! वाटलं, लाटणं टाकावं आणि तशीच बसमध्ये बसून वडिलांना सांगून यावं. 

आत्याबाईंनी पोळीवर तूप सोडलं. “पन डोकं लयच आखडतं आहे वं, माय!”

आणि शब्दाला त्या जागल्या. सौसरचा हात पुन्हा त्यांनी जन्मात काढला नाही. जी आली तिला सौसरच्या डोक्याची गोष्ट सांगितली, गुळाचा खडा गाळून! म्हणून तर गल्लीत सगळ्यांना माझी पोळी माहीत आहे आणि तो खडा कोणालाच आठवत नाही. हा अन्याय नाही तर काय?

आता मी स्वतः सासू आहे. मागच्या पोळ्याला आमच्याकडे माझ्या लेकीच्या लेकराची गोधडी शिवायला बसलो. घास द्यायला माझी सून उठली. मुलगी गुणाची आहे, नागपूरची आहे. आतून आली तेव्हा तिच्या चिमटीत नखाएवढा कोरडा तुकडा.

“आई, एवढा पुरे न?”

“पुरे, पुरे! याच्याहून जास्ती बिलकुल नको!”

ती हसली. तिला सगळी कथा पाठ आहे. “मग पाठ करा न आई. का माझ्यावर विश्वास नाही?”

“आहे न बाप्पा, काहून नसन?” मी म्हटलं आणि रीतीप्रमाणे पाठ करून बसले.

विश्वास तर आहेच. पण खरं सांगू? नागपूरवाल्यांचा हात जरा आखडताच असतो. म्हणून माझ्या कोपऱ्यात मी आधीच काहीतरी टाकून ठेवलं होतं. लहानसंच. बत्तासा.